सूपभर कोंड्याची पोर

"मुलं विकणं म्हणजे काय, कुणाला माहीत आहे?" मॅडमनी विचारलं आणि मी हात वर केला.

आमचा चौथीचा वर्ग. फळ्याच्या खिळ्याला रंगीत तक्ता टांगलेला. त्यावर वीटभट्टीवरची मुलं, हॉटेलात कपबशा धुणारा मुलगा आणि डोक्यावर पदर घेतलेली एक छोटी नवरी. गलांडे मॅडम जीपमधून जिल्ह्याच्या गावाहून आल्या होत्या, आम्हाला आमचे हक्क सांगायला. त्यांनी काही विचारलं की वर्ग गप्प बसायचा, आणि गप्प बसलेला वर्ग मला सहन होत नसे. अजूनही होत नाही.

"सांग बाळ."

"मला विकलंय," मी म्हणाले.

मॅडमच्या हातातली छडी तक्त्यावरच थांबली. "कुणी विकलं तुला?"

"काकूनं."

"कुणाला?"

"आईला."

मॅडमनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी बदली होऊन नुकतेच आले होते. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"कितीला विकलं?"

"सूपभर कोंड्याला."

वर्गात कुणी हसलं नाही. हसण्यासारखं त्यात काही नव्हतंच, सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी भरही घातली, "खरंय मॅडम. म्हणून तर तिचं नाव कोंडी."

मॅडम माझ्याजवळ येऊन खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच क्षणी त्या मला आवडेनाशा झाल्या.

मी खोटं बोलले नव्हते. जिला मी काकू म्हणत होते तिनंच मला जन्म दिला होता. तिचं नाव अंजिरा. माझ्याआधी तिची चार मुलं गेली होती, आणि मी पोटात असताना नवराही गेला. आमच्या भागात अशा बाईला जुन्या बायका सांगायच्या, आता जे होईल ते घरात घेण्याआधी विकून टाक. मग शेजारीण सुपात कोंडा घेऊन उंबऱ्यापाशी येते. आई कोंडा पदरात घेते, रिकाम्या सुपात मूल ठेवते, आणि व्यवहार संपतो. पोरं न्यायला जी कोण टपलेली असते, तिला वाटावं की हे मूल या घरचं नाहीच. नावही असं ठेवायचं की न्यायची कुणाला हौस वाटू नये. विकत घेणारीला मुलानं आई म्हणायचं आणि पोटच्या आईला काकू. राहायचं, जेवायचं, झोपायचं मात्र काकूकडेच. पुढं मुलगी शहाणी झाली की काकू तेवढाच कोंडा देऊन तिला परत घेते आणि त्या दिवसापासून आई होते.

मला विकत घेतलं छबूबाईनं. तिची पिठाची गिरणी होती, त्यामुळे कोंड्याला तोटा नव्हता. तिचं घर आणि आमचं घर यांच्यात भिंत एकच. तिला स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे तिनं खरंच मूल विकत घेतलं असणार हे बाहेरच्यांना लगेच पटलं, आणि ते पुढं फार महागात पडलं. शाळेत माझं नाव घालायला तीच गेली होती आणि आई म्हणून तिनं स्वतःचं नाव सांगितलं होतं. दवाखान्यात मात्र जन्माची नोंद अंजिराच्या नावावर. गावात कुणाला यात वावगं दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जीप थेट गिरणीपाशी येऊन थांबली. गलांडे मॅडम, एक पोलीसबाई आणि ड्रायव्हर. मी शाळेचं दप्तर घेऊन दारातच उभी होते. छबूबाई गिरणी बंद करून बाहेर आली. भुवयांपासून पदरापर्यंत ती पिठानं पांढरी झाली होती.

"ही मुलगी तुमची कोण?" मॅडमनी विचारलं.

"माझी हाय. कोण म्हंजे?"

"तुमची म्हणजे? तुमच्या पोटची?"

"विकत घेतलीया. फुकट न्हाई आणली," छबूबाई ताठ मानेनं म्हणाली. गावात हे वाक्य ती असंच मिरवून सांगायची. मॅडमनी पोलीसबाईकडे पाहिलं. पोलीसबाईनं पुढं होऊन माझा दंड धरला.

"अगं ए! हात सोड तिचा!" छबूबाईनं तिला असा धक्का दिला की खाकी शर्टावर पांढरा पंजा उठला. मग जी आरडाओरड झाली, तिच्यात अर्धं गाव जमलं. कुणीतरी काकूला शेतातून बोलावून आणलं. ती भांगलण टाकून पळत आली होती. हातात खुरपं तसंच होतं.

गलांडे मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. "अंजिराबाई, घाबरू नका. तुम्हाला फसवून, गरिबीचा फायदा घेऊन हे केलं असेल, तर तुमच्यावर काही येणार नाही. फक्त एवढं सांगा, ही तुमची मुलगी आहे ना?"

मी काकूकडे पाहत होते. मला वाटलं, आता ती हो म्हणेल, जीप जाईल आणि मला शाळेला उशीर झाल्याबद्दल गुरुजी रागावतील.

काकूनं खुरपं खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलंच नाही. "न्हाई," ती म्हणाली. "माझी न्हाई."

"नीट विचार करून सांगा."

"छबूबाईची हाय. मी शेजारीण."

जमलेल्या बायका काही म्हणायला गेल्या तर काकूनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या मागे सरल्या. मला जीपमध्ये बसवलं. मी रडले नाही, मी पोलीसबाईच्या मनगटाला चावले. मागच्या काचेतून मला दिसलं, छबूबाई जीपमागे धावत शिव्या घालत होती आणि काकू खाली बसून खुरप्याची माती बोटानं काढत होती.

बालगृह जिल्ह्याच्या गावी होतं. भिंतींना गुलाबी रंग होता आणि त्यावर ससे काढलेले होते. तिथल्या अधीक्षकबाई वाईट नव्हत्या, हे आज मी म्हणू शकते. तेव्हा मला त्या सशांसकट नकोशा वाटल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या गळ्यातला काळा दोरा कात्रीनं कापला, गालावरची काजळाची तीट साबणानं घासून काढली आणि म्हणाल्या, "कोंडी? हे काय नाव झालं? मुलीला मान नको का? आजपासून तू किरण."

खरं सांगते, ते नाव मला आवडलं. कोंडी म्हणून हाक मारली की मला नेहमी गिरणीत उडणारा कोंड्याचा खकाणा आठवायचा. किरण म्हटलं की वाटायचं, हाक दुसऱ्याच कुणा नीटनेटक्या मुलीला आहे. मला पत्र्याची एक पेटी मिळाली, साबणाची डबी मिळाली. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी पुटपुटायचे, किरण, किरण. आणि काकूला मनातल्या मनात सांगायचे, बघ, तुझी नाहीच मी.

रविवारी मुलींना भेटायला घरची माणसं यायची. फाटकावरचा रखवालदार प्रत्येकाला विचारून आत सोडायचा. छबूबाईला यायला बंदी होती, कारण तिच्यावर तक्रार होती. तिसऱ्या का चौथ्या रविवारी मी वरच्या खिडकीतून पाहिलं तर फाटकाबाहेर काकू. हातात पिशवी.

"कुणाला भेटायचंय?" रखवालदार विचारत होता.

"कोंडीला."

"कोंडी कुणी नाही इथं. तुम्ही कोण तिच्या?"

"शेजारीण."

"शेजारणीला परवानगी नाही बाई. आई असाल तर सांगा, लगेच सोडतो. आहात का आई?"

काकू फाटकाच्या गजाला धरून उभी राहिली. एवढं सोपं होतं. एक शब्द म्हटला असता तर ती वर आली असती. मी खिडकीला तोंड लावून जोरात ओरडले, "म्हण की गं!"

तिनं वर पाहिलं. तिनं मला पाहिलं हे मला दिसलं. मग ती रखवालदाराला म्हणाली, "न्हाई. शेजारीणच हाय. ही एवढी पिशवी द्या तिला."

पिशवीही आत घेतली नाही. बाहेरचं खाणं चालत नसे. ती दुपार कलेपर्यंत फाटकासमोरच्या लिंबाखाली बसून राहिली. मी खिडकीकडे पाठ करून बसले आणि ठरवलं की आता हिच्याशी जन्मात बोलायचं नाही. पुढच्या रविवारी ती परत आली, त्याच्या पुढच्याही. दर वेळी रखवालदारानं तेच विचारलं आणि तिनं तेच सांगितलं.

शेवटी आमची तारीख लागली. बालकल्याण समितीची बैठक बालगृहातल्याच मोठ्या खोलीत भरायची. लांब टेबलावर हिरवं कापड, मागे अध्यक्षा सबनीसबाई. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, आणि खोलीत शिरणारा प्रत्येक माणूस त्यांच्यापुढे गृहपाठ न केल्यासारखा उभा राहायचा. शेजारी वकील असलेले एक सदस्य, खटावकर. गलांडे मॅडम भिंतीकडेच्या खुर्चीत. मला टेबलाच्या एका बाजूला स्टुलावर बसवलं. समोर छबूबाई आणि काकू. दोघींनी धुतलेली लुगडी नेसली होती आणि दोघी एकमेकींपासून हातभर अंतर ठेवून उभ्या होत्या. प्रकरण सुरू झाल्यापासून गावात त्यांचं रोज भांडण होत होतं, हे मला नंतर कळलं.

"किरण, बाळ, पाणी हवंय का?" गलांडे मॅडम म्हणाल्या.

काकू दचकली. "कोण किरण?"

"आम्ही तिचं नाव बदललंय," मॅडम म्हणाल्या. "तिलाही आवडलंय."

"न्हाई, न्हाई." काकू एकदम टेबलापाशी आली. "त्या नावानं हाका मारू नगा. पाया पडते. कोंडी म्हणा. दोरा कुठं हाय तिचा? छबू, अगं, दोरा न्हाई गळ्यात!"

"मागं व्हा," खटावकर म्हणाले. "तुम्ही तर शेजारीण ना? शेजारणीला मुलीच्या नावाशी काय करायचंय?"

काकू मागं झाली.

सबनीसबाईंनी चष्मा वर केला. "छबूबाई, आधी तुम्ही. मुलगी विकत घेतली, हे तुम्ही पोलिसांपुढं सांगितलंय. खरं?"

"खरं. पर ते तसलं इकत न्हवं." छबूबाईचा आवाज गिरणीच्या पट्ट्याच्या खडखडाटात बोलायची सवय असलेला. ती खोली तिला पुरत नव्हती. "ते जगावं म्हणून इकत्यात. आमच्यात रीत हाय. हिला इचारा."

"अंधश्रद्धा," खटावकर म्हणाले. "ठीक आहे, मान्य करू की रीत आहे. म्हणजे मुलगी अंजिराबाईंची. मग त्या कबूल का करत नाहीत? आम्ही किती वेळा विचारलं? गावात विचारलं, फाटकावर विचारलं. दर वेळी नाही. जन्मदाती आई मुलीला तोंडावर नाकारते, अशा बाईच्या हाती मुलगी द्यायची?"

"त्येला कारण हाय."

"छबू, गप," काकू म्हणाली.

"का गप? तुझ्यापायी मी चोर ठरले. आता मी गप बसणार न्हाई." छबूबाई टेबलाकडे वळली. "हिची चार गेली. चौथा दगडू. त्यो बी मीच घेतलेला, ह्या हातानं, सुपात. सहा वर्सांचा झाला. दांडगा होता, माझ्या गिरणीत सगळ्या पिठात लोळायचा. शाळेत नाव घालायची येळ आली तवा मी माहेरला गेलेली. मास्तर म्हणला, आजच घाला, उद्या मुदत संपली. म्हणून ही गेली. मास्तरनं इचारलं, कुणाचा पोरगा? हिनं सांगितलं, शेजारणीचा. मास्तर हसला. म्हणला, अगं, सगळं तोंड तुझ्यावर गेलंय, खरं सांग, न्हाईतर नाव घालत न्हाई. वर्गातली समदी पोरं, पोरांचे बाप बसल्यालं. आन् हिनं सांगितलं, माझा हाय." छबूबाईनं पदर सावरला. "दिवाळी बघितली न्हाई पोरानं."

दगडू नावाचा मला भाऊ होता एवढं मला माहीत होतं. तो कसा गेला हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"कशानं गेला?" सबनीसबाईंनी विचारलं.

"काविळीनं."

"मग?" खटावकर म्हणाले. "कावीळ दूषित पाण्यानं होते बाई. बोलण्यानं होत नाही."

"काविळीनंच गेला, मला कळतंय सायब. मी येडी न्हाई. पर हिला सांगून बघा तुमी. मी नऊ वर्सं सांगतेय."

सगळे काकूकडे पाहायला लागले. ती जमिनीकडे पाहत होती. मीही पाहत होते, पण माझा राग तसाच होता. दगडूसाठी तिनं म्हटलं होतं ना एकदा, माझा हाय म्हणून? मग मलाच का नाही? मी स्टुलावरून उठले आणि ओरडले, "तू म्हण! आत्ता म्हण! मला मरू दे मेले तर, पण म्हण!"

काकूनं दोन्ही हातांनी कान झाकले.

"खाली बस," सबनीसबाई म्हणाल्या, आणि मी बसले. त्यांचं सगळेच ऐकायचे.

खटावकरांनी घड्याळाकडे पाहिलं. "मॅडम, अजून वीस प्रकरणं बाहेर बसलीत. माझं म्हणणं स्पष्ट आहे. छबूबाईंचा ताबा बेकायदेशीर, आणि आई नाकारतेय. मुलगी दत्तकासाठी मोकळी करावी. चांगल्या घरी जाईल."

"मोकळी म्हंजे?" काकूनं विचारलं.

उत्तर सबनीसबाईंनी दिलं, एकेक शब्द सावकाश उच्चारत. "म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी देणार. लांबच्या गावी. तिथं तिला नवे आईवडील मिळतील, नवं नाव मिळेल. तुम्हाला पत्ता सांगणार नाही. तुम्हाला ती पुन्हा दिसणार नाही. हे टाळायचं असेल तर तुमच्याकडे एकच वाक्य आहे. बोला."

छबूबाईनं काकूचा दंड धरून हलवला. "बोल गं बये! पोर चालली! बोल!"

काकूनं तिचा हात सोडवला. मग सबनीसबाईंकडे पाहून तिनं विचारलं, "तिथं जगंल का ती?"

"काय?"

"त्या लांबच्या घरी. जगंल ना?"

खटावकर म्हणाले, "जगेल की. न जगायला काय झालं? चांगलं खाईल, शिकेल."

"मग न्या," काकू म्हणाली.

छबूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. मी काकूला शिवी दिली, गिरणीवर शिकलेली, मोठी. गलांडे मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. काकूला शिवी ऐकू आलीच नसावी. ती खटावकरांशी बोलत होती, घाईघाईनं, बस सुटायच्या आधी कुणी सामानाबद्दल सांगावं तसं.

"नेणार त्यास्नी एवढं सांगा. तिला गूळ देऊ नगा, अंगावर पित्त उठतंय. उजव्या कुशीवर झोपली की दात खाती, मग हळूच वळवायचं, जागी करायचं न्हाई. उशाला पाण्याचा तांब्या लागतोय, पीत न्हाई, पर लागतोय. डाव्या पायाच्या टाचंला खिळा लागलेला, थंडीत तिथं भेग पडती, तेल भरावं लागतं. इजा कडाडल्या की भीती वाटती, पर भीती वाटती म्हणून सांगत न्हाई, उगं भांडान काढती. तवा भांडायचं तिच्यासंगं, म्हंजे विसरती."

"शेजारणीला एवढं कसं ठाऊक?" खटावकरांनी विचारलं. त्यांचा आवाज मघासारखा राहिला नव्हता.

"भिंत एकच हाय," काकू म्हणाली. "आन् ती रागावली की जेवत न्हाई. लई राग हाय तिला, बापावानी. जेव म्हणायचं न्हाई, समजूत काढायची न्हाई. ताट म्होरं ठेवायचं आन् तिच्याकडं पाठ करून बसायचं, आपलं काय तरी निवडत. ती गुपचूप खाती. खाऊन झालं तरी लगी वळायचं न्हाई. तिला वाटलं पायजे, आपल्याला कुणी बघितलं न्हाई."

मला ते ठाऊक नव्हतं. मला खरोखर वाटायचं की तिचं लक्ष नसतं. रुसून कोपऱ्यात बसले की ती ताट सरकवायची आणि चुलीकडे तोंड करून डाळ निवडत बसायची. मी पाठमोऱ्या तिच्याकडे बघत भराभर खायचे, ताट चाटूनपुसून ठेवायचे आणि मला वाटायचं, फसवलं हिला. एवढी डाळ रोज कशाला निवडते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आता ती माझ्यासमोर तोंड करून उभी होती आणि तिला रडू येत नव्हतं. तिला फक्त कुठली गोष्ट सांगायची राहिली का, याची काळजी होती. ती बोटं मोजत होती.

"झालं तुमचं?" सबनीसबाईंनी विचारलं.

"केसांचं राहिलं. लिंबाचा पाला..."

"मला शेजारणीकडं जायचंय," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज फाटला होता, तरी तो खोलीभर गेला.

"काय म्हणालीस?" सबनीसबाई पुढं वाकल्या.

"लांबच्या घरी न्हाई जायचं. आईकडं पण न्हाई जायचं." मी छबूबाईकडे बोट दाखवलं, मग काकूकडे. "मला हिच्याकडं जायचंय. शेजारणीकडं."

"ती तुझी कोण?" खटावकरांनी विचारलं.

काकूनं मान वर केली. मी आता काय म्हणणार, या भीतीनं तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिला मी तशी कधी पाहिली नव्हती आणि तिच्या तोंडून मला जे हवं होतं, ते मला तेव्हाच नकोसं झालं.

"कुणी न्हाई," मी म्हणाले. "भिंत एकच हाय."

सबनीसबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग गलांडे मॅडमना म्हणाल्या, "जन्माची नोंद अंजिराबाईंच्या नावावर आहे. खरीखुरी विक्री झाल्याचा पुरावा नाही. बरोबर?"

"पण मॅडम, त्या स्वतः म्हणतात..."

"मी त्या काय म्हणतात ते विचारत नाहीये. मी आयुष्यभर शाळेच्या टेबलापलीकडे बसून बायकांना विचारलंय, कुणाचं मूल, खरं सांग." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मग काकूकडे वळल्या. त्यांचा आवाज होता तसाच करडा होता. "बाई, ही मुलगी तुम्ही घेऊन जा. शेजारीण म्हणून. शाळा बुडता कामा नये. मी स्वतः येऊन बघणार, न सांगता येणार. चालेल?"

"चालंल," काकू म्हणाली.

"आणि छबूबाई, पुन्हा सरकारी माणसाच्या अंगाला हात लावलात तर आत टाकीन."

"लावणार न्हाई," छबूबाई म्हणाली, आणि बाहेर पडता पडता गलांडे मॅडमच्या चपलेवर पाय देऊन गेली.

बसमध्ये मी खिडकीशी बसले. काकू शेजारी. तिनं पिशवीतून काळा दोरा काढून माझ्या गळ्यात बांधला, गाठ तीनदा ओढून पाहिली. मग डबा उघडून माझ्या मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून रस्त्याच्या पलीकडची शेतं बघत बसली. मी भाकरी खाल्ली. सगळी खाल्ली. डबा बंद केल्याचा आवाज आला तरी ती बराच वेळ वळली नाही.

काकूनं मला परत विकत घ्यायचं होतं ते राहूनच गेलं. मी शहाणी झाले तेव्हा काकू म्हणाली, लग्न होऊ दे. लग्न झालं तेव्हा म्हणाली, पहिलं बाळंतपण सुखरूप होऊ दे. बाळंतपणाला दवाखान्यात नर्सनं विचारलं, पेशंटची आई कोण, आत या, तर ही बाकावर बसून राहिली आणि छबूबाईला आत पाठवलं. पुढं छबूबाईच वारली. आता परत घ्यायचं तर कुणाकडून घेणार?

मी आता त्याच कामात आहे, जिल्हा वेगळा. शाळाशाळांत जाते, तक्ता टांगते. एखादा हात वर झाला की रुमाल काढत नाही. मुलाशेजारी बसून घेते आणि आधी विचारते, तू रुसलास की घरी काय करतात? गलांडे मॅडमना मी माफ केलेलं नाही, हेही इथं सांगून टाकते. सबनीसबाई मात्र दोनदा न सांगता आल्या होत्या आणि दोन्ही वेळा काकूच्या हातचा चहा पिऊन गेल्या.

गेल्या पावसाळ्यात काकूला न्यूमोनिया झाला. मी तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा तिला ऑक्सिजन लावला होता. डोळे मिटलेले, पण जागी होती. ते मला पापण्यांवरून कळलं. ड्युटीवरचा डॉक्टर तरुण होता आणि वैतागलेला होता.

"पेशंटची कंडिशन बरी नाही. जवळचं कोण आहे? तुम्ही मुलगी का?"

खाटेवर काकूचे डोळे उघडले. मास्कच्या वरून ती माझ्याकडे बघत होती. तोच राखेचा चेहरा.

मी तिचा हात हातात घेतला.

"नाही," मी डॉक्टरला म्हणाले. "माझी कुणी नाही. मी शेजारीण."

काकूनं डोळे मिटले. मी खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसले. डॉक्टरनं विचित्र नजरेनं पाहिलं आणि तो पुढच्या खाटेकडे गेला. आठवड्यानं ती उठून घरी आली. न्यूमोनिया औषधानं बरा होतो, मला कळतंय, मी वेडी नाही.